खालचं काउलिंग करपतंय, एक्झॉस्टला रॅप गुंडाळावं का?

अर्धवट_वैमानिक

नमस्कार मंडळी. विषय आडवळणाचा आहे, पण इथे हँगरमध्ये हात काळे केलेली दोन-तीन माणसं आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतोय.

मी टेक्सासमध्ये असतो. गेल्या हिवाळ्यात एक वापरलेलं आरव्ही-९ए विमान घेतलं. घरगुती बांधणीचं, दोन सीटचं. लायकमिंग ओ-३२० इंजिन, १६० अश्वशक्ती, कार्ब्युरेटरवालं. एक्झॉस्ट क्रॉसओव्हर पद्धतीचं आहे: पुढच्या दोन सिलिंडरचे पाईप एकत्र येतात, मागच्या दोघांचे एकत्र येतात आणि पोटाखालून दोन टोकं बाहेर निघतात. ज्यांनी बांधलं त्यांनी हौसेने बांधलंय, वायरिंग तर बघत राहावं असं. थंडीत काही म्हणजे काही तक्रार नव्हती.

उन्हाळा लागला आणि दोन भानगडी सुरू झाल्या.

पहिली, खालच्या काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) रंग आतून तपकिरी पडलाय आणि बाहेरून फोड आल्यासारखा उचललाय. डाग बशीएवढा आहे, उजव्या बाजूला. डावीकडे नुसती पिवळसर झाक, बाकी ठीक.

दुसरी, उतरून पेट्रोल भरून पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा स्टार्ट करायला गेलं की इंजिन कुरकुरतं. चालू झालं तरी टॅक्सी करताना मध्येच गचका देतं. सकाळी गार इंजिनाला यातलं काही होत नाही.

आकडे देतो. बाहेर ३९ सेल्सिअस असताना चढताना सगळ्यात गरम सिलिंडर हेड ४१० फॅरनहाइट, क्रूझमध्ये (सरळ उडताना) ३७० ते ३८०. ईजीटी, म्हणजे एक्झॉस्टमधल्या गॅसचं तापमान, १४०० ते १४५०, त्यात तीन नंबरचा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा साठेक अंश वर.

आमच्या विमानतळावरच्या एका शेजाऱ्याने सांगितलं की एक्झॉस्टला फायबरग्लासचं रॅप गुंडाळ, उष्णता पाईपातच राहील, काउलिंगही वाचेल आणि कार्ब्युरेटरही गार राहील. पन्नास डॉलरचं काम. ऐकायला पटतंय. पण आणखी एकाने नुसती मान हलवली आणि निघून गेला, त्यामुळे धाकधूक वाटतेय. फोटो जोडलेत. गुंडाळू का?

---

बुलेटराजे

बिनधास्त गुंडाळा. माझ्या बुलेटच्या सायलेन्सरला तीन वर्षं झाली रॅप लावून. पाय भाजायचा बंद झाला, शिवाय दिसतंही भारी. ओलं करून गुंडाळायचं, स्टीलच्या पट्ट्यांनी आवळायचं, पहिले दोन दिवस धूर येतो, घाबरायचं नाही.

---

स्पॅनरकाका

मी एएमई, म्हणजे विमान देखभालीचा इंजिनिअर. डीजीसीएचं (भारताच्या विमान नियामकाचं) लायसन्स, आता निवृत्त. उभं आयुष्य फ्लाइंग स्कूलच्या सेसना १५२ आणि १७२ च्या पोटाखाली गेलं. आरव्हीवर काम केलेलं नाही, पण लायकमिंगला ते कुठल्या विमानात बसवलंय हे ठाऊक नसतं, तेव्हा बोलायचा थोडा हक्क घेतो.

आधी एक तातडीचं. तुमच्या तिसऱ्या फोटोत उजव्या पाईपावर जोडाच्या भोवती पेन्सिलने गोल काढलाय. तो पुढच्या स्टार्टच्या आधी सॉल्व्हंटने स्वच्छ पुसून टाका. पेन्सिलीतला कार्बन पाईप तापला की स्टेनलेसमध्ये शिरतो आणि बरोबर त्याच रेषेवर पुढे चीर जाते. एफएएच्या (अमेरिकन विमान नियामकाच्या) कागदांतही हे लिहिलेलं आहे आणि आम्हाला तर ट्रेनी असताना यावरून शिव्या बसायच्या. खूण करायची तर खडूने. जस्ताचा मुलामा असलेलं हत्यारही एक्झॉस्टला लावायचं नाही, कारण तेच. गॅल्व्हनाइज्ड तार बांधून पाईप तात्पुरता टांगणारे महाभाग मी पाहिलेत.

आता रॅप. माझं उत्तर नाही असं आहे. पण त्याआधी तुमचा प्रश्न बदलायला हवा. उष्णता कुठे कोंडायची हे नंतर बघू. उजवीकडेच का करपलं, डावीकडे का नाही? ओ-३२० चे दोन्ही पाईप सारखेच तापतात. नुसत्या पाईपाच्या धगीने काउलिंग भाजलं असतं तर दोन्हीकडे भाजलं असतं. एकाच बाजूला बशीएवढा डाग म्हणजे तिथे काहीतरी फुंकर मारतंय, नाहीतर पाईप काउलिंगच्या फार जवळ आलाय. यातलं एक किंवा दोन्ही.

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे केवढ्या आगीशी गाठ आहे ते कळेल. पंचाहत्तर टक्के पॉवरला तुमचं इंजिन १२० अश्वशक्ती देतं, म्हणजे ९० किलोवॉट. त्यासाठी तासाला बत्तीस-तेहतीस लिटर पेट्रोल पितं. त्या पेट्रोलातली ऊर्जा किलोवॉटमध्ये मांडली तर २८० च्या घरात जाते. प्रोपेलरला गेले ९०. उरलेल्यातलं काही सिलिंडरवरच्या गार करणाऱ्या पातळ पट्ट्यांवाटे आणि ऑइल कूलरवाटे जातं, पण सगळ्यात मोठा वाटा, साधारण चाळीस टक्के, त्या दोन पाईपांतून जातो. शंभर-एकशेदहा किलोवॉट. विमान पुढे ओढायला जेवढं लागतं त्याहून जास्त आपण पोटाखालून सोडून देतो. तेव्हा जोडातून बोटभर जरी गळती असली, तरी ७९० सेल्सिअसची ती धार इपॉक्सीच्या काउलिंगवर काय करेल ते तुम्हाला दिसतंच आहे.

म्हणून काउलिंग उतरवा आणि हे बघा:

जोडांवर आणि सिलिंडरच्या फ्लँजवर (जिथे पाईप सिलिंडरला नटांनी बसतो) करडी-पांढरट किंवा फिकट तपकिरी पावडर दिसते का? १०० एलएल पेट्रोलात शिसं असतं, गळतीच्या जागी त्याचा लेप बसतो. लोक काळी काजळी शोधत बसतात आणि खरी खूण डोळ्यांसमोरून निसटते.

इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून, म्हणजे फुंकणाऱ्या बाजूने, पाईपाच्या शेपटीत (बाहेर निघणाऱ्या टोकात) चिंधी गुंडाळून हवा सोडा. जोर नको, नळी सैलच धरा. मग स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर, वेल्डवर, ईजीटी प्रोबच्या भोकांवर मारा. स्लिप जॉइंटवर, जिथे एक नळी दुसरीत सरकते, थोडे बुडबुडे येणारच, तो जोड गार असताना घट्ट नसतो. पण जिथे सुर्रकन आवाज येऊन फेस उडतो ती जागा पकडा.

शेपट्या कशाने टांगल्यात, तेही नीट बघा आणि लिहा. फोटोत उजवी शेपटी मला खाली बसलेली वाटते.

ईजीटीत तीन नंबर साठ अंशांनी वर आहे याची चिंता सोडा. प्रोब फ्लँजपासून दोन इंच आहे की चार, यावरच तेवढा फरक पडतो. कालच्यापेक्षा आज किती हे बघायचं, शेजारच्या सिलिंडरपेक्षा किती हे नाही.

---

बुलेटराजे

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे. पण रॅपला एवढा विरोध का ते कळलं नाही. रेसिंग गाड्यांत सर्रास लावतात. तिथेही तापमान काही कमी नसतं.

---

स्पॅनरकाका

राजे, रेसिंगवाले पाईप हंगामाला बदलतात. आणि तुमच्या बुलेटचा पाईप फुटला तर फटफट आवाज येतो, तुम्ही रस्त्याच्या कडेला लावता, चहा पिता आणि मेकॅनिकला फोन करता. इथे फुटलेल्या पाईपापासून वीतभर अंतरावर पेट्रोलने भरलेला कार्ब्युरेटर असतो आणि कडेला लावायला रस्ता नसतो.

पाईप आतल्या गॅसइतका तापत नाही तो एकाच कारणाने, बाहेरून वारा त्याची उष्णता नेत असतो. रॅप लावलं की ती वाट बंद. मग पाईपाची भिंत जवळजवळ गॅसच्या तापमानाला जाऊन बसते. ज्या धातूला आयुष्यभर सहाशे-साडेसहाशे सोसायचं होतं त्याला आपण साडेसातशे सोसायला लावतो. पावसाचं, धुण्याचं पाणी रॅप धरून ठेवतं. तेल गळलं तर तेही पितं, आणि तेल प्यायलेली चिंधी लाल पाईपाभोवती बांधून उडायची माझी तयारी नाही. पण हे सगळं एकवेळ बाजूला ठेवा. मला रॅपचा खरा राग येतो तो वेगळ्याच कारणाने. एक्झॉस्टची सगळी देखभाल डोळ्यांनी होते. टॉर्च, आरसा, आणि पाईपावरून फिरवलेलं बोट. गुंडाळलेल्या पाईपाची तपासणी कशी करणार? दर वेळी सोडून पुन्हा गुंडाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बऱ्याच एक्झॉस्ट बनवणाऱ्यांनी रॅप लावलं तर वॉरंटी गेली असं साफ सांगितलेलं आहे. ते काही उगाच नाही.

---

धातुवेडी

मी मटेरियल्सवाली, विमानं चालवत नाही. काकांच्या म्हणण्याला थोडी जोड देते.

आधी पाईप कुठल्या स्टेनलेसचा आहे ते शोधा. ३०४ असेल तर रॅपचा विचारही करू नका. साधारण ४२५ ते ८१५ सेल्सिअसच्या पट्ट्यात ३०४ बराच वेळ राहिलं की त्यातलं क्रोमियम आणि कार्बन एकत्र येऊन कणांच्या सीमांवर कार्बाइड साचतं. सीमेलगतचा धातू क्रोमियमला मुकतो, म्हणजे गंज रोखणारी गोष्टच तिथून जाते. मग वरून चकचकीत दिसणारा पाईप सीमासीमांनी आतून पोखरला जातो. वेल्डच्या शेजारचा पट्टा यात सगळ्यात आधी बळी पडतो, कारण वेल्डिंगच्या वेळीच तो एकदा त्या तापमानातून गेलेला असतो. ३२१ मध्ये यासाठीच टायटॅनियम घालतात, ते कार्बनला आधी धरून ठेवतं आणि क्रोमियम मोकळं राहतं. म्हणून एक्झॉस्टसाठी ३२१ बरं. इनकोनेल त्याहून वरचं, आणि किंमतही तशीच.

दुसरं, प्रसरण. या जातीचं स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा बरंच जास्त वाढतं. अर्धा मीटर पाईप साडेसहाशे अंशांनी तापला की पाच-सहा मिलिमीटर लांब होतो. स्लिप जॉइंट त्यासाठीच असतो. तो जाम झाला तर ते पाच-सहा मिलिमीटर कुठेतरी जाणारच, आणि ते सहसा सगळ्यात कमकुवत वेल्डमध्ये जातात.

कुठे वेल्डिंग करायची वेळ आली तर वेल्डरला एकच विचारा, पाईपाच्या आतून आर्गॉन सोडणार का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. आतून वायू न सोडता मारलेल्या वेल्डची आतली बाजू साखर सांडल्यासारखी खडबडीत होते आणि तिथूनच पुढची चीर निघते.

---

घिरट्या

मायक्रोलाइटवाला (अगदी हलक्या विमानाचा) आहे, इंजिन रोटॅक्स ९१२. आमच्याकडे स्लिप जॉइंट नाही, गोलाकार बॉल जॉइंट आणि त्यावर स्प्रिंगा. दोन गोष्टी सांगतो, कदाचित उपयोगी पडतील. बॉल जॉइंटला उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावावं लागतं, नाहीतर तो जाम होतो आणि सांध्याचा पाईप तडकतो, ताईंनी सांगितलं अगदी तसंच. आणि प्रत्येक स्प्रिंगमध्ये सिलिकॉन भरायचं, वरून सेफ्टी वायर. सिलिकॉनने स्प्रिंगची थरथर मरते, आणि तरीही तुटलीच तर वायरमुळे ती मागे प्रोपेलरमध्ये जात नाही. आमचं प्रोपेलर मागे आहे हो.

काका, सिरॅमिक कोटिंगबद्दल काय मत?

---

स्पॅनरकाका

कोटिंग रॅपपेक्षा शंभर पटीने बरं. पाईप उघडा राहतो, डोळ्यांना दिसतो. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे केलं तर बाहेरची धग खरंच कमी होते. किरणोत्सर्जन तापमानाच्या चौथ्या घातात चालतं, त्यामुळे पृष्ठभाग साडेसहाशेवरून साडेपाचशेवर आला तरी फेकली जाणारी धग तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. पण कोटिंग नव्या पाईपावर करायचं. जुन्यावर केलं तर जुन्या चिरा त्याखाली झाकल्या जातात, आणि पुढे वेल्ड करायचं झालं तर आधी ते खरवडून काढावं लागतं.

माझी पहिली पसंती मात्र पत्र्याच्या शील्डला. स्टेनलेसचा पातळ पत्रा, पाईपापासून दहा-बारा मिलिमीटर सोडून, छोट्या ठोकळ्यांवर उभा केलेला आणि होज क्लॅम्पने पाईपावर धरलेला. फक्त तिथेच, जिथे समोर काहीतरी नाजूक आहे: कार्ब्युरेटरचं भांडं, पेट्रोलची नळी, गॅस्कोलेटर (पेट्रोलची गाळणी), ब्रेकची नळी, काउलिंग. मधल्या फटीतून वारा वाहिला पाहिजे, म्हणजे पत्रा धगही अडवतो आणि पाईपही गार राहतो. क्लॅम्प सैल केला की शील्ड हातात येतं आणि खालचा पाईप दिसतो. हे सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

---

अर्धवट_वैमानिक

सर्वांचे मनापासून आभार. पेन्सिलचा गोल पुसला. शनिवार-रविवार काउलिंगखालीच गेला, सापडलं ते लिहितो.

साबणाचं पाणी मारल्यावर तीन नंबर सिलिंडरच्या खालच्या स्लिप जॉइंटला बुडबुडे नव्हे, सरळ कारंजं. जोडाच्या खालच्या अंगाला बोटाच्या नखाएवढी फट. तिथून सरळ रेष ओढली तर ती काउलिंगच्या डागाच्या मधोमध जाते. काका म्हणाले तसा करडा लेपही आहे, मी इतके दिवस त्याला धूळ समजत होतो.

शेपटी टांगण्यासाठी इंजिनच्या संपच्या (तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) बोल्टवरून खाली एक नळी येते, पाईपाकडून वर एक नळी येते आणि दोघींच्या मध्ये रबरी होजचा तुकडा आहे, त्यावर क्लॅम्प. उजवीकडचं रबर दगड झालंय आणि उभं चिरलंय. शेपटी त्यातून घसरून खाली आलीय. डावीकडे पाईप आणि काउलिंगमध्ये माझं बोट आरामात जातं, उजवीकडे पोस्टकार्ड सरकवलं तर अडकलं.

आणि एक. उजव्या पाईपावर केबिन हीटरचं मफ आहे. त्याच्या हवा घ्यायच्या तोंडावर आधीच्या मालकांनी ॲल्युमिनियमची टेप चिकटवलीय. बहुधा उन्हाळ्यात गरम हवा नको म्हणून. हे ठीक आहे ना?

---

स्पॅनरकाका

शाबास, काम व्यवस्थित केलंत. आता ओळीने जोडून बघा. रबर मेलं, शेपटी खाली बसली, स्लिप जॉइंट वाकडा झाला, खालून फट उघडली, फुंकर काउलिंगवर. रॅप गुंडाळलं असतं तर ही फट रॅपच्या आत राहिली असती आणि तुम्ही दोन-चार महिने खूश असता.

टांगणी इंजिनवरूनच आहे हे छान. काही जण शेपटी फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) किंवा इंजिन माउंटच्या नळीला बांधतात. इंजिन रबरी शॉक माउंटवर हलतं, फायरवॉल हलत नाही, आणि पाईप मधल्यामध्ये पिळला जातो. तुमच्याकडे तसं नाही. दोन्ही बाजूंची रबरं बदला, डावीकडचंही त्याच वयाचं आहे. जोड सोडवा, आतला कार्बन साफ करा, हाताने फिरतो आणि सरकतो याची खात्री करा. फट झिजून झाली असेल तर आतल्या नळीचं तोंड नवीन करावं लागेल. घट्ट बसावा म्हणून हातोडीने दाबू नका, ताईंनी जाम झालेल्या जोडाबद्दल काय लिहिलंय ते पुन्हा वाचा.

आता मफ. ती टेप आजच काढा. मफ म्हणजे पाईपाभोवतीचं डबडं, त्यातून हवा वाहती राहिली तरच आतला पाईप ठीक राहतो. हीटर बंद असताना फायरवॉलवरची झडप ती हवा खालच्या काउलिंगमध्ये सोडून देते, तशीच रचना असते. तोंड बंद केलं म्हणजे पाईपाच्या तेवढ्या तुकड्याला तुम्ही डब्यात घालून झाकण लावलंत. रॅपचाच थोरला भाऊ. टेक्सासच्या उन्हाळ्यात हीटर लागत नसेल तर अख्खं मफच उतरवून ठेवा आणि फायरवॉलकडचं तोंड पत्र्याने बंद करा. खालच्या काउलिंगमध्ये सोडली जाणारी तेवढी गरम हवाही वाचेल, कार्ब्युरेटरला तेवढाच दिलासा.

मफ उतरवलंत की त्याखालचा पाईप इंच-इंच बघा. माझ्यासाठी या सगळ्या धाग्यातली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडे हीटर कोण वापरतो? वर्षातून मोजक्या पहाटा, डिसेंबर-जानेवारीत, पहिल्या सॉर्टीला. बाकी ती कळ धूळ खात असते. त्यामुळे मफलरवरचं आवरण उघडून बघायची सवयही मोडते. एका फ्लाइंग स्कूलमध्ये एका सेसना १५२ वर जानेवारीत दोन विद्यार्थी उतरल्यावर डोकं दुखतंय म्हणाले. इन्स्ट्रक्टर म्हणाला जागरण. मी आवरणाचे स्क्रू काढले. वरून मफलर सुंदर, निळसर-सोनेरी झाक, तापलेल्या स्टेनलेसची असते तशी. टोकाच्या गोल तबकडीला जिथे वेल्ड आहे तिथे केसासारखी काळी रेघ. आतून टॉर्च लावला, बाहेरचा दिवा बंद केला, तर ती रेघ उजेडाची झाली. चंद्रकोरीएवढी. हीटरची हवा त्या रेघेला घासून केबिनमध्ये जात होती. मफलरच्या आतला पत्र्याचा शंकू, फ्लेम कोन, तोही अर्धा जळून सुटला होता, तो फिरून तोंडाशी आडवा बसला असता तर टेकऑफला पॉवरच गेली असती. तेही घडतं, सेसनाच्या मफलरचा जुना रोग आहे.

कार्बन मोनॉक्साइडला (सीओला) वास नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने चिकटतो. २१ जानेवारी २०१९ ला फुटबॉलपटू एमिलियानो साला नाँतहून कार्डिफला निघाला होता, पायपर मालिबू, एका इंजिनाचं. विमान इंग्लिश खाडीत पडलं. त्याच्या रक्तात कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, ५८ टक्के निघालं. विमान समुद्रातून वर काढलं गेलं नाही, त्यामुळे पाईप नक्की कुठे फुटला हे हातात धरून कोणाला बघता आलं नाही, पण ब्रिटिश तपास यंत्रणेने २०२० च्या अहवालात केबिनमध्ये वायू शिरला हे स्पष्ट लिहिलं.

विमानांच्या जुन्या प्रमाणीकरण नियमात केबिनमधल्या या वायूची मर्यादा वीस हजार भागांत एक भाग आहे, म्हणजे ५० पीपीएम. दहा रुपयांच्या नाण्याएवढा तपकिरी ठिपका असलेलं जे कार्ड पॅनलवर चिकटवतात, त्यावर विसंबू नका. जुनं झालं की निकामी होतं आणि काळं पडलं तरी बघायला आपण शुद्धीत असायला हवं. बॅटरीवरचा, आकडा दाखवणारा आणि कोकलणारा मीटर घ्या. तुम्ही रॅपला पन्नास डॉलर घालणारच होतात, त्यात थोडी भर टाका.

---

अर्धवट_वैमानिक

काका, मफखालचा पाईप बघितला. टॉर्च, आरसा, बोट, तिन्ही. चीर नाही. टेपमुळे रंग मात्र शेजारच्या भागापेक्षा बराच गडद आणि खवले आल्यासारखा झालाय. नट उघडतानाच तीन नंबरचं फ्लँज गास्केटही हातात तुटून आलं. ए अँड पी (अमेरिकेतला परवानाधारक) मेकॅनिकला बोलावलंय. घरगुती बांधणीचं असल्यामुळे काम मला करता येतं, पण वर्षाच्या तपासणीवर सही त्याचीच लागते, तेव्हा आत्ताच दाखवलेलं बरं.

गरम स्टार्टचं काय? ते या गळतीमुळेच, की वेगळं?

---

स्पॅनरकाका

काही अंशी तेच, काही अंशी नाही. गळतीची गरम हवा खालच्या काउलिंगमध्ये कार्ब्युरेटरभोवती फिरत होती, ती आता थांबेल. पण इंजिन बंद केल्यावर वारा थांबतो आणि पाईपांची, सिलिंडरची साठलेली उष्णता वर चढते. कार्ब्युरेटर संपच्या खाली लटकलेला, दोन्ही पाईपांच्या मध्ये. भांड्यातलं आणि नळीतलं पेट्रोल उकळून वाफ होतं, आणि तुम्ही स्टार्ट करता तेव्हा इंजिनला वाफ मिळते. टेक्सासला ३९ अंशांत हे चांगल्या एक्झॉस्टवरही थोडंफार होणार.

उतरल्यावर नाक वाऱ्याकडे करून उभं करा. काउलिंगवरचं तेल तपासायचं छोटं दार लगेच उघडून ठेवा, गरम हवा चिमणीसारखी तिथून निघते. पेट्रोलच्या नळ्यांवर फायरस्लीव्ह (आग सोसणारी बाही) आहे का आणि नळी पाईपापासून किती लांब आहे ते बघा. कार्ब्युरेटर आणि पाईप यांच्या मध्ये वर सांगितलेलं पत्र्याचं शील्ड लावा, दोन्ही बाजूंना. स्टार्टनंतर बूस्ट पंप थोडा वेळ चालू ठेवा म्हणजे ताजं गार पेट्रोल नळीत येतं.

मॅग्नेटोचं (ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचं) टायमिंगही तपासून घ्या. ठिणगी उशिरा पडत असेल तर जळणं उशिरापर्यंत चालतं, सिलिंडर हेड गार दिसतं आणि सगळी उष्णता पाईपात जाते. तुमच्या आकड्यांवरून तसं वाटत नाही, ४१० हे काही गार नाही. लायकमिंगची मर्यादा ५०० आहे, पण रोजच्या वापराला ४३५ च्या खाली ठेवा असं तेच सांगतात, तेव्हा तुम्ही हद्दीत आहात. तरी काउलिंग उघडंच आहे तर दहा मिनिटांत होतं.

काउलिंगचा करपलेला भाग नुसता वरवर रंगवू नका. आतून घासून बघा, काउलिंगमधलं फायबरचं कापड मऊ झालं असेल तर तेवढं कापून नवीन थर द्या. मग त्यावर सिरॅमिक फायबरचा कागद आणि वरून फॉइल, कडा उष्णता सोसणाऱ्या सीलंटने पूर्ण बंद. कड उघडी राहिली तर त्यात तेल मुरतं.

खवले आलेल्या तुकड्याचं वेल्डरलाच विचारा. भिंत पातळ झाली असेल तर तो नखाने टिचकी मारून सांगेल, आवाज बदबद येतो. माझ्या हँगरमध्ये असता तर मी तो तुकडा बदललाच असता.

---

बुलेटराजे

काका, बुलेटचं रॅप आज सोडलं. आत पाईप गंजून चाळण झालाय. नवीन सायलेन्सर कुठला घेऊ?

---

स्पॅनरकाका

त्यासाठी वेगळा धागा काढा राजे, तिथे येतो.

वैमानिकबुवा, नवीन गास्केट बसवल्यावर पहिल्या पाच-दहा तासांनी फ्लँजचे नट गार इंजिनावर पुन्हा टॉर्कला तपासा. नवं गास्केट बसतं, नट सैल पडतात, आणि तीन नंबरचा मागचा नट हाताला लागत नाही म्हणून सगळे तोच सोडतात. आखूड, वाकडा पाना लागेल. विकत मिळाला नाही तर जुना स्पॅनर तापवून वाकवून घ्या.

---

अर्धवट_वैमानिक

वाकडा पाना ए अँड पीकडे निघाला, त्याने स्वतःच वाकवलेला. रबरं, गास्केट आणि सीओ मीटर मागवलेत. शील्डचा पत्रा या शनिवारी कापतो, फोटो टाकेन. खडूने खुणा करून.